आतली बाजू

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पाणी म्हणाल तर खालून पैनगंगा जाते, वरच्या अंगानं वर्धा जाते आणि वणी तालुक्यात जुगादजवळ दोघी भेटतात. मधल्या अरुणावती, अडाण, बेंबळा उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पायी ओलांडता येतात. नाव म्हणजे आमच्या लेखी डोंगा. पूर आला की आठवायचा, ओसरला की विसरायचा. अशा मुलखात, शिडाच्या नावेतल्या लाकडाला आतून कोणतं वॉर्निश द्यावं यावर पोळ्याचा अख्खा आठवडा बोलणं चाललं, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण चाललं. आणि त्यातून निघालेला प्रश्न वॉर्निशापुरता राहिला नाही.

प्रश्न असा. एखादी वस्तू जपायची म्हणजे काय करायचं? तिच्यावर एकदाच असा थर चढवायचा की पुन्हा तिकडे बघायलाच नको? की असा थर द्यायचा की जो झिजेल, पुन्हा द्यावा लागेल आणि त्या निमित्तानं आपल्याला परत परत तिच्याजवळ जावं लागेल?

आमच्या घाटंजी-पांढरकवड्याकडच्या माणसाला सागवान नवा नाही. आमचं जुनं घर सागवानावरच उभं होतं. खांब, सरं, चौकटी, कवाडं, कपाट, ओसरीतली बंगई, सगळं सागाचं. लाकूड जिवंत असतं असं लहानपणी ऐकायचो, पण ते डोळ्यांनी बघायला मिळायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की कवाडं आकसायची, दोन फळ्यांमधून उन्हाची तिरीप आत यायची. श्रावणात तीच कवाडं फुगून चौकटीत अडकायची आणि खांद्यानं ढकलावी लागायची. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. झाड कापून शंभर वर्षं झाली तरी त्याची ही सवय जात नाही. त्याला वरून काहीही लावा, ही घेण्या-सोडण्याची गती कमी होते, थांबत नाही.

दरवर्षी चैत्रात गावचे सुतारबाबा यायचे. येताना जवसाचं तेल घेऊन यायचे. तेव्हा आमच्याकडे रब्बीत जवस असायचा, हरभऱ्याच्या कडेनं निळ्या फुलांचे पट्टे दिसायचे. घाणीवरून तेल यायचं, ढेप ढोरांना जायची, चटणी ताटात यायची आणि तेलाचा थोडा वाटा लाकडाला मिळायचा. तेलात थोडं टर्पेंटाइन घालून, सुती चिंधीनं रगडून रगडून ते कवाडांना लावत. लाकूड पिऊन घेईल तेवढं द्यायचं आणि वर राहिलेलं पुसून काढायचं. राहू दिलं तर चिकट होतं, धूळ धरतं. जवसाचं तेल वाळतं ते पाणी उडून गेल्यासारखं नव्हे. ते हवेतला प्राणवायू धरून घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. आणि या घट्ट होण्यात ऊब निघते. म्हणून सुतारबाबा तेलाच्या चिंध्या कधी गोळा करून कोपऱ्यात टाकू देत नसत. कुंपणावर एकेक पसरून ठेवायला लावत. “गोळा करून ठेवली त आपोआप पेटते,” म्हणत. आम्हा पोरांना ती गंमत वाटायची. ती गंमत नाही, खरं आहे. पसरलेल्या चिंधीची ऊब हवेत निघून जाते, चुरगळून कोंबलेल्या चिंधीची आतच साठत जाते.

सुतारबाबांचा नातू आता गोव्यात एका नाव बांधणाऱ्या कारखान्यात काम करतो. वावर नाही, गावात सुतारकी उरली नाही. दारं फायबरची आली, खिडक्या ॲल्युमिनियमच्या आल्या. पोराच्या हातात मात्र कसब होतं. गोव्याला गेल्यावर त्यानं म्हादेई या नावेची गोष्ट ऐकली. मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबत पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पोरगा म्हणतो, “काका, नऊ महिने माणूस एका लाकडी खोलीत राहतो. मग त्या खोलीचं लाकूड कसं ठेवलंय, हे लहान काम नाही.”

त्या साली तो पोळ्याला आला तेव्हा त्याच्यापुढे असंच एक काम होतं. चाळीस फुटी जुनी शिडाची नाव दुरुस्तीला आली होती. आतली बाकं, कपाटं, शिडी, तक्तपोशी, सगळं सागवान उघडं करून झालं होतं. आता त्याला काय लावायचं ते याला सुचवायचं होतं. पिशवीतून त्यानं सागाचे चार तुकडे काढून ओट्यावर मांडले. एकाला जवसाचं तेल, एकाला स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, एकाला तेल आणि राळ शिजवून होणारं जुन्या पद्धतीचं वॉर्निश, आणि चौथ्याला दोन डबे मिसळून लावायचं पॉलियुरेथेन. चौथा तुकडा काचेसारखा चमकत होता.

सुतारबाबा ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून प्रत्येक तुकडा त्यांनी आधी नाकाशी धरला, मग नखानं दाबून पाहिला. चौथ्यावर नख उमटलं नाही.

“हे चांगलं कडक हाय,” ते म्हणाले. “पण बिघडलं त दिसते काय?”

नातवाला आधी प्रश्न कळला नाही. त्यानं सांगायला सुरुवात केली की हे लवकर बिघडत नाही, पाणी धरत नाही, भांडं घासलं तरी चरा पडत नाही. सुतारबाबांनी थांबवलं. “बिघडत नाही असं काहीच नसते गा. बिघडलं तवा मले समजन काय, थे सांग.”

मला वाटतं, जपण्याविषयीचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.

नातू जे सांगत होता तेही खोटं नव्हतं. नावेच्या आत ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे बाहेरच्या लाकडाला उन्हापासून जपणारं जे वॉर्निश लागतं ते आत लागेलच असं नाही. आतला शत्रू वेगळा. दमट हवा, माणसांच्या श्वासाची वाफ, थंड भिंतीवर जमणारे थेंब, ओले कपडे, आणि लाटेवर नाव कलली की आधाराला धरणारे खारट हात. यवतमाळच्या कोरड्या उन्हात जवसाचं तेल शोभून दिसतं. तेच तेल कोंदट, दमट खोलीत बुरशीला खाद्य होतं आणि लाकूड काळवंडतं. चपडा देखणा, पण ओला पेला ठेवला की पांढरा डाग पडतो. दोन डब्यांचं पॉलियुरेथेन सगळ्यांत टणक, पण ते बंद जागेत मारताना निघणारी वाफ घातक, नाकातोंडाला नुसतं फडकं बांधून भागत नाही. आणि एकदा का एखाद्या सांध्यातून किंवा खिळ्याच्या भोकातून त्याच्याखाली ओल शिरली की ती बाहेर निघत नाही. वर चकाकी तशीच, आत लाकूड काळं. फळीवर बोट दाबावं आणि बोट आत जावं, तेव्हाच कळतं. मग थोडंसं घासून भागत नाही. आजूबाजूचं सगळं खरवडून काढावं लागतं.

तेल-राळेचं जुनं वॉर्निश या मानानं मऊ. लाकूड फुगलं-आकसलं तर त्याच्याबरोबर थोडं हलतं. त्यावर चरे पडतात, बाकाच्या कडेला ते आधी झिजतं. पण झिजलं की दिसतं. तेवढाच भाग काचकागदानं घासून, पुसून, नवा हात मारता येतो. आपल्याकडे थराला ‘हात’ म्हणतात, पहिला हात, दुसरा हात. मला तो शब्द फार आवडतो. लावणारा माणूस त्यातून सुटत नाही.

म्हणजे टणक ते चांगलं आणि मऊ ते कमी, हा हिशेब पुरा नाही. जे वेळेवर तक्रार करतं ते चांगलं. पायाला काटा टोचला तर दुखलं पाहिजे. दुखणं थांबवणारं औषध आणि काटा काढणारी सुई यांत फरक आहे.

हे लिहिताना मला आमच्या आळीतल्या एका घराची आठवण होते. नाव-गाव सांगत नाही. पोरीच्या लग्नाआधी त्या घराला बाहेरून रंग दिला, फाटक नवं बसवलं. पाच एकर पऱ्हाटी, दोन वर्षं बोंडअळीनं आणि पावसानं मारलेली. रस्त्यात भेटलं की आम्ही विचारायचो, “काय म्हणता भाऊ?” ते म्हणायचे, “बरं हाय.” आम्हीही “बरं” म्हणून पुढे जायचो. तीन एकर कधी विकलं, सोनं कुठे ठेवलं, रात्री झोप किती दिवसांपासून नाही, यातलं काहीही आम्हाला कळलं नाही. एक दिवस त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोजवळ विहिरीवर तोंड उघडलं, म्हणून कळलं. मग चार माणसं जाऊन बसली, बँकेत सोबत गेली, दोन रात्री त्यांच्याच ओसरीत झोपली. ते घर सावरलं. आमच्या जिल्ह्यात सगळीच घरं सावरली नाहीत, हे महाराष्ट्राला माहीत आहे.

त्या माणसाला खोटारडा म्हणणं मला जमणार नाही. अब्रू हा गरिबाचा शेवटचा थर असतो, आणि तो त्यानं टणक ठेवला. पण आपण आजूबाजूच्यांनी नुसती चकाकी पाहून समाधान मानलं. ‘बरं आहे’ हा शब्द आपण इतका कडक करून ठेवला आहे की त्याच्याखाली ओल शिरली तरी वर डाग उमटत नाही. कोंबून ठेवलेल्या चिंधीचं जे होतं ते माणसाचंही होऊ शकतं. पसरायला कुंपण मिळालं पाहिजे.

कोणी म्हणेल, मग झाकूच नका, लाकूड उघडं ठेवा. तेही बरोबर नाही. उघडं लाकूड खरं दिसतं खरं, पण तेलकट हाताचे डाग, हळद, चहा सगळं त्यात मुरतं. झाकण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. बाभळीला वा निंबाला गडद रंग फासून सागवान म्हणून खपवणं ही फसवणूक. डोळे दिपवायला काच चढवणं ही हौस. आणि खालचं लाकूड दिसत राहील, त्याच्या रेषा दिसतील, गाठ असेल तर गाठही दिसेल, असा पातळ थर देणं हे जपणं. लपवणं आणि जपणं दोन्हींत थर असतोच. थरातून पलीकडचं दिसतं की नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सुतारबाबांनी तिसरा तुकडा हातात घेतला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“हे उघडं काहून ठेवलं?”

“आबाजी, थे कपाटाच्या मांगं जाते. तिकडं कोणी पाह्यत नाही.”

“हवा जाते ना बापा तिकडं.”

यात साधं शास्त्र आहे. फळीच्या एका तोंडाला तीन हात दिले आणि मागची बाजू उघडी ठेवली, तर मागची बाजू ओल भराभर घेते, पुढची हळू घेते. दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि फळी वाकते. फळीची कापलेली टोकं तर सगळ्यांत जास्त पितात, तिथे एक-दोन हात जास्तच द्यावे लागतात. बिघाडाची सुरुवात बहुधा तिथूनच होते, कारण टोक कोपऱ्यात जातं आणि कोपऱ्यात ब्रश न्यायचा कंटाळा येतो. न दिसणाऱ्या बाजूची कुचराई दिसणाऱ्या बाजूला वाकवते. नीतीच्या पुस्तकात हे वाक्य मोठं वाटेल. सुताराच्या ओट्यावर ते नुसतं फळीचं वर्तन आहे.

इथवर सगळं सुतारबाबांच्या बाजूनं लिहिलं. पण मला एक गोष्ट टोचते, ती सांगितली पाहिजे. दरवर्षी नव्यानं हात देण्यातला गोडवा आम्हा पुरुषांना फार कळतो, कारण तेल वर्षातून एकदा लागायचं आणि तेही सुतारबाबा लावायचे. माझी माय मात्र दर आठ दिवसांनी घर शेणानं सारवायची. गुडघे टेकून, पोटातलं पोर सांभाळून. आम्ही घरात फरशी बसवली तेव्हा मी म्हणालो, “सारवलेल्या जमिनीचा गारवा गेला.” माय म्हणाली, “गारवा तुले होता. मले कंबर होती.” पुन्हापुन्हा जपण्याचं कौतुक करताना ते जपणं कोणाच्या कंबरेवर आहे, हे विचारलं पाहिजे. कधी कधी विसरू देणारा थर ही दयाही असते. ज्याच्या वाट्याला आधीच शंभर वस्तू जपायच्या आहेत, त्याला एक कमी झाली तर बिघडत नाही.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं झालं की ज्याला पुढे जपायचं आहे त्याला विचारून थर निवडावा. तो किती वेळा येऊ शकतो, त्याच्या हातात काय कसब आहे, त्याच्याजवळ काय सामान असेल. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं टिकेल असा थर कोणत्याही डब्यात मिळत नाही. सागवान चांगला होता आणि मोडलं तेव्हा नव्यानं उभं करणारे हात मिळाले, म्हणून ते टिकलं.

नातवानंही नाव वापरणाऱ्यांना फोन करून तेच विचारलं. ते दरवर्षी पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर घेतात, म्हणजे चार महिने लाकूड बघायला सवड मिळते. मग ठरलं. बाकं, शिडीच्या बाजू आणि कपाटांची दारं यांना तेल-राळेचं वॉर्निश. सागात स्वतःचं तेल असतं, त्यावर थर नीट धरत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच पहिला हात, निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. मग चकाकणारे हात, प्रत्येक हातानंतर बारीक काचकागद, आणि शेवटचा एक हात मंद झिलईचा, म्हणजे दिव्याचा उजेड डोळ्यात खुपणार नाही. पायाखालची फळी कोरीच ठेवायची, कारण ओल्या वॉर्निशवरून पाय घसरतो आणि घासून धुतलेला कोरा साग पाय धरतो. कपाटाच्या आत मात्र चपडा. तेलाचा वास बंद कपाटात महिनोन् महिने राहतो, कपड्यांना लागतो. चपड्याला वाळल्यावर वास नाही. आणि आतल्या पाण्याच्या पेल्याची भीती कपाटात नाही. चपडा म्हणजे लाख, आमच्या पळसावरच्या किड्याची देणगी. ती गोव्याच्या नावेत कपड्यांच्या कप्प्यात जाणार, याचं सुतारबाबांना फार बरं वाटलं. पॉलियुरेथेनचा तुकडाही वाया गेला नाही. चुलीजवळच्या ओट्याला, जिथे रोज ओलं फडकं फिरणार, तिथे ते द्यायचं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी सुतारबाबांनी त्याला एक सांगितलं. आमच्या घरातल्या कपाटाच्या मागच्या फळीवर त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीनं साल आणि काय लावलं ते लिहून ठेवलं होतं. त्यामुळे यांना पुढे खरवडत बसावं लागलं नाही. कोणत्या थरावर कोणता थर बसतो, चुकीचा बसला तर सुरकुततो, हे आधी ठाऊक असलं की काम निम्मं होतं.

“बाकाच्या खालून लिहून ठेवजो,” ते म्हणाले. “काय लावलं, किती हात देल्ले, कोणत्या सालात. पुढच्याले सोपं जाईन.”

“नाव लिहू काय, आबाजी?”

“नाव कायले? वॉर्निश कोणतं, थे लिह्य.”